खळ्याला विरजण

ता. १२ जानेवारी

नवसा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी चुलीकडे बघशील, हे मला ठाऊक आहे. जाळू नकोस. एक परवानगी मागायची आहे. तेवढी वाच, मग काय ते कर.

दिवाळीत दोनदा फोन केला होता. मी "हॅलो" म्हटलं की पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज. मागाहून किशोर बिचारा म्हणतो, "मामा, आईच्या इथं रेंज नव्हती." सिन्नरला एवढी कारखान्यांची वसाहत, आणि रेंज जाते ती फक्त तुझ्या भावाच्या आवाजाला. चांगला पोरगा आहे तुझा. खोटं बोलताना अडखळतो.

म्हणून पत्र. तुला अक्षर मीच शिकवलं, तेव्हा वाचून दाखवायला कुणी लागणार नाही.

तर परवानगी. मला खळं खणायचं आहे.

आई शेवटच्या आजारात म्हणाली होती, "खळं नवसाचं." कागद झाला नाही, पण मी तिथे बसलो होतो, तू तिचे पाय दाबत होतीस, आणि माझी सून पल्लवी दारात उभी होती. म्हणजे साक्षीदार आहेत. तुझ्या जागेत तुझ्या होकाराशिवाय कुदळ घालणार नाही.

निमित्त माझ्या मनोजचं झालं. त्याला खळ्यावर सिमेंटचा कोबा घालून गाड्या धुवायचं केंद्र काढायचं आहे. म्हणतो, "आबा, ते काळं किती दिवस दारात ठेवायचं? वरून कोबा केला की दिसायचंच नाही." पोराचं चुकत नाही. दिसू नये याची खटपट तर मीही पुष्कळ केली.

पण मध्यंतरी एक गंमत पाहिली. म्हशींच्या गोठ्यातून जी मोरी निघते, तिचं शेणपाणी खळ्याच्या उत्तरेच्या कडेला पसरतं. जिथवर ते पसरतं, तिथवर हरळी आली आहे. हिरवीगार. त्याच्या पुढे चार बोटांवर पुन्हा तीच काळी, तेलकट जमीन, जिच्यावर इतक्या वर्षांत मुंगी चालली नाही. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उकिडवा बसतो. पल्लवी म्हणते, "आबा गवत मोजायला बसलेत." बसलोय खरा. दर आठवड्याला एक-दोन बोटं पुढे सरकतंय.

शेणात काहीतरी आहे, नवसा, जे माझं तेल खातंय.

खळं काळं का झालं ते तू जाणतेस. त्यावर आज लिहीत नाही. तुझी कमळावहिनी गेली तेव्हा आलीस, तेवढीच काय ती अकरा वर्षांतली खेप. अंगणात उभी राहिलीस, पायावर पाणीसुद्धा घेतलं नाहीस आणि तशीच फिरलीस. पाण्यावरून आपलं काही बोलणं झालं होतं, म्हणून असेल.

दोन ओळी पाठव. खणू का?

तुझा,
दादा


ता. ३ फेब्रुवारी

नवसा,

उत्तर आलं नाही. कुदळ लावली नाही, आईची शपथ. पण स्वस्थही बसलो नाही, आणि त्यात एक घोळ करून ठेवला. तो तुला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, कारण त्या घोळावर तूच सगळ्यांत जास्त हसशील.

मी विचार केला, शेणानेच तेल जातंय ना? मग परवानगी येईपर्यंत खळं सारवून तर घेऊ. सारवायला कुणाची ना असणार? दोन म्हशींचं चार दिवसांचं शेण साठवलं, कालवलं, आणि बहात्तराव्या वर्षी गुडघ्यावर बसलो. चांगला बोटभर जाड थर दिला. हात काही वळेना गं. गॅरेजात पान्हा धरून धरून माझी बोटं आकड्यासारखी झाली आहेत. तरी दुपारपर्यंत सगळं खळं लिंपून चोपून गुळगुळीत केलं, आणि कडेला बसून पाहिलं, तर क्षणभर वाटलं, आई आत्ता सूप घेऊन येईल.

आठवतं? दिवाळी सरली की आई पहाटे सुरुवात करायची. तिचा हात खांद्यापासून फिरे, अर्ध्या चंद्रासारखा, आणि एका अर्ध्या चंद्राला दुसरा असा चिकटे की सांधा दिसू नये. तिच्या मागे तू. आणि मधल्या तिवड्याभोवतीचं, म्हणजे मळणीचे बैल ज्या खांबाला बांधायचे त्याच्या भोवतीचं, शेवटचं कडं तुझं. "नवसाचा हात फिरल्याबिगर पेंढी आत यायची नाय," असं ती बाबांनाही सुनवायची. तू सहा वर्षांची. तुझे अर्धे चंद्र माशाच्या खवल्यांएवढे.

मी चौथीत शाळा सोडलेली, पण चौथीपर्यंतचं सगळं तुला द्यायची मला हौस. ओल्या सारवणात मी बोटाने अ काढायचा, तू त्यावरून बोट फिरवायचीस. आईने पाहिलं आणि ओरडली, "भात मळायचं खळं हाय ते, मास्तराची पाटी नाय!" ओरडली खरी, पण त्या अक्षरांवरून हात फिरवला नाही तिने. तेवढं सोडून कडेकडेने सारवत गेली. बैलाच्या खुराने तुझा 'क' मोडला तेव्हा तू दिवसभर जेवली नव्हतीस.

असो. तर घोळ.

आपल्या दारात एक मुलगी येते. इरा नाव. नाशकात गंगापूर रोडला राहते, कॉलेजात सूक्ष्म जीवांचं शिकते. इकडच्या भातशेतीची माती गोळा करत फिरत होती, स्कूटीचं चाक बसलं, मी पंक्चर काढून दिलं. चहा पिताना तिला हरळी दाखवली. ती तिथेच बसली, माझ्यासारखीच उकिडवी. तेव्हापासून पंधरा दिवसांनी एक खेप असतेच तिची.

माझं सारवण तिला कौतुकाने दाखवायला नेलं. तिने खिशातला चाकू काढून एक पोपडा उचलला. खाली जसं होतं तसंच. उलट कोंदट वास.

"आजोबा, हे काय केलंत? यांना कोंडलंत की."

"कुणाला?"

"शेणातल्या जीवांना. तेल खायला त्यांना हवा लागते. तुम्ही दार लिंपून घेतलंत."

"बाई, सारवण असंच असतं. धूळ उठू नये, मुंगी शिरू नये, पाणी मुरू नये."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली, आणि हसू आवरायला तिने पाठ फिरवली.

आपल्या घराण्यात चार पिढ्या शेण म्हटलं की बंद करायचं, चोपायचं, गुळगुळीत करायचं. मोकळं करायचं कुणाच्या डोक्यात येणार?

मग तिने समजावलं. जनावर कडबा खातं, गवत खातं, ते पचवायला त्याच्या पोटात कोट्यवधी जीव असतात. शेणाबरोबर बाहेर येतात. काहींना तेलही चालतं. मातीत जे उपाशी, अर्धमेले पडलेले असतात त्यांनाही शेणाने बळ येतं. मी म्हटलं, "म्हणजे विरजण. दुधात थोडं टाकायचं, बाकी ते करतं." ती म्हणाली, "आजोबा, आमच्या मॅडमना शिकवायला या."

"मग विरजणासारखंच दूध फार कढत असलं तर मरत असेल?"

त्यावर तिचे डोळे असे चमकले की मला वाटलं, काही भलतंच बोललो. पण तिने त्यावरूनच परीक्षा मांडली. चार गाडग्यांत खळ्याची काळी माती, परवानगीशिवाय तेवढीच खरवडली, त्याची माफी. पहिल्यात नुसती माती. दुसऱ्यात उकळून मारलेलं शेण कालवून. तिसऱ्यात वरून ताजं शेण, माझ्यासारखं लिंपून. चौथ्यात ताजं शेण, भाताचा पेंढा, सगळं सैल कालवून, आणि दर दोन दिवसांनी काडीने उलथायचं. आधी मी तिला गाडग्यांऐवजी तेलाचे रिकामे डबे देत होतो, तर म्हणाली, "त्यातलं तेल मातीत उतरेल की. परीक्षेतच कॉपी, आजोबा?"

शेण उकळायला पातेलं मागितलं तेव्हा पल्लवी कमरेवर हात ठेवून उभी. "आबा, आज आमटी शेणाची का? आत्याबाईंना बोलवा, त्यांना मान द्यायचा राहिलाय."

बघ, तुझं नाव या घरात निघतं.

दादा


ता. २० मार्च

नवसा,

गाडग्यांत प्रत्येकी वीस दाणे मेथी टोचली होती. काल मोजली. नुसत्या मातीत एक उगवला, तोही पिवळा. उकळलेल्या शेणात चार. माझ्या सारवणाखाली तीन. आणि सैल, उलथलेल्या गाडग्यात तेरा. तेरा, नवसा! पल्लवीला उठवून दाखवले, तिने डोळे चोळत मोजले, तिचेही तेराच आले.

हे लिहून मी पत्र मिटत होतो. पल्लवी म्हणाली, "आबा, आत्याबाईंना मेथीचं काय लिहिता? पाण्याचं लिहा."

तिला सगळं माहीत आहे. ती तेव्हा नवी सून होती, तरी दारातच होती.

तर पाण्याचं.

तुझं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी मी खळ्याच्या कडेला गॅरेज टाकलं. कुणी शिकवलं नव्हतं. एक बंद पडलेलं डिझेल इंजिन सोडवून पुन्हा जोडलं, ते चालू झालं, आणि घोटीपासून लोक यायला लागले. इंजिनातून जळकं तेल निघायचं, कधी पाच लिटर, कधी सात. ते मी खळ्याच्या कोपऱ्यात खड्डा करून ओतायचो. एक खड्डा पिऊन टाकायचा, मग दुसरा. मळणी तोवर यंत्राने, ताडपत्रीवर व्हायला लागली होती. खळं कुणाच्या कामाचं नव्हतं, असं मी मनाला सांगितलं. आई एकदाच म्हणाली, "रावजी, तिथं बैल फिरलेत." मी म्हटलं, "आई, बैल आता दारात उभे आहेत, डिझेलवर चालतात." सगळे हसले. तीही हसली असेल, मी पाहिलं नाही.

खळ्याच्या खाली वीस पावलांवर विहीर. तू बाळंतपणाला आलीस, सणाला आलीस, की आई तिथून ताजं पाणी शेंदून तुझ्या पायावर घालायची आणि मग दुसरा तांब्या प्यायला द्यायची. तू म्हणायचीस, सिन्नरला पाण्याला चव नाही.

तू ज्या वर्षी ते पाणी पाहिलंस त्याच्या चार वर्षं आधी मला कळलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. चांदी म्हैस विहिरीच्या डोणीवर आली, तोंड बुडवलं, फुरफुरली आणि मान वळवून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तेच. मी वाकून पाहिलं, तर पाण्यावर मोराच्या पिसासारखा रंग. मी इंजिनाचा माणूस, तो रंग मी ओळखणार नाही? पण सगळ्यांना सांगितलं, मोटारीचं ग्रीस गळतंय. चांदीला ओढ्यावर न्यायला लागलो. घरात प्यायला जारचं पाणी आणलं, म्हटलं, आईचं वय झालं, शुद्ध पाणी हवं.

शेवटच्या आठ दिवसांत आई विहिरीचं पाणी मागत होती. मी जारमधलं तांब्यात ओतून नेलं आणि म्हटलं, "घे आई, विहिरीचं." तिने घोट घेतला. माझ्याकडे पाहिलं. तुला मात्र तिने विचारलं, "पाणी बदललं का गं?" आणि तू तांब्या घेऊन विहिरीवर गेलीस.

दहाव्याला भावकी बसलेली असताना तू तो तांब्या आणलास. माझ्या पायांपुढे खळ्यावर ओतलास आणि म्हणालीस, "हे आईला नाय देता आलं तुला. तू पी."

आणि मी म्हणालो, "दिलेल्या पोरीनं माहेरच्या पाण्यात तोंड घालू नये."

पहिल्या पत्रात मी लिहिलं, काही बोलणं झालं होतं. हे बोलणं झालं होतं. तुझ्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे परत घेता येण्यासारखं नाही, आणि तरीही मी तिथे मिशीवर हात फिरवत बसलो, कारण भावकी बघत होती.

माफी मागायला मला शब्द जमत नाहीत. मला खणायला जमेल. खणू दे.

रावजी


ता. २ एप्रिल

नवसा,

नऊ सेकंद, तुझ्या आवाजाचे. किशोरच्या मोबाइलवरून पल्लवीच्या मोबाइलवर आले. ती मला शोधत गोठ्यात धावत आली, पदर खोचलेला, हात पिठाचे.

"खण. तिवड्याभोवतीचं ठेव. सणाला नाय यायची मी. कामाला येईन, सांगशील तवा."

आवाज आईसारखा झालाय तुझा. मी तीनदा ऐकलं, चौथ्यांदा मागितलं तर पल्लवी म्हणाली, "आबा, बॅटरी संपेल," आणि स्वतःच पुन्हा लावलं.

मनोजला तुझा आवाज ऐकवला. आईचं खळं आत्याचं आहे, हे त्याला नव्याने कळल्यासारखा चेहरा केला त्याने. कोब्याची खडी आता गोठ्याच्या रस्त्याला पडेल.

नऊ-दहा दिवस झाले, खणतोय. हाताखाली फकिरा आहे, बाबांच्या वेळच्या गड्याचा मुलगा, आता त्याच्याही डोक्यावर पांढरं. पहिल्याच घावाला वास घेऊन म्हणाला, "रावजीदादा, एवढं त्याल हाय तर बोअर मारा, अरबस्तान निघंल." हसून हसून बसायला लागलं दोघांना. मग तो पुन्हा कुदळ उचलायला गेला, तर मी त्याचा हात धरला. मला नाही बघवलं, नवसा. आईने चोपून चोपून दगड केलेली जमीन. तिच्यावर कुदळ आदळली की ठणकन वाजते, नाही म्हटल्यासारखी.

फकिरा म्हणाला, "म्हातारीला सांगा, बरं करायला कापतोय." मग मी स्वतः घाव घातला.

ढेकूळ निघालं ते बाजूने पाहिलं आणि तसाच उभा राहिलो. थरावर थर. कागदाएवढे पातळ. दर वर्षीचं एक सारवण, त्यात भाताचं कोंडकाड अडकलेलं. वरचे सगळे काळे. मी नखाने मोजत खाली गेलो, आणि बऱ्याच खाली एका थरापासून रंग बदलला. राखाडी, कोरडा, हिरवट. तिथवर तेल उतरलं नव्हतं. हुंगून पाहिलं, त्याला गोठ्याचा वास नव्हता, तेलाचाही नव्हता, नुसत्या उन्हाचा होता. एका थरावर बोटांच्या रेघा आहेत. आईच्या की तुझ्या, सांगता येत नाही. ते ढेकूळ मी बेअरिंगच्या पत्र्याच्या डब्यात कापूस घालून ठेवलं आहे. तुझ्या जागेतलं आहे, तू आलीस की घेऊन जा.

काळी माती विहिरीपासून लांब, वरच्या अंगाला जाड ताडपत्रीवर घेतली. इराने बजावलंय, शेणाचा ढीग पाण्याजवळ नको, नाहीतर तेल काढता काढता विहिरीत दुसरीच घाण जायची. मातीत शेण, पेंढा, भाताचा तूस. पाणी किती, तर मूठ आवळली की गोळा व्हावा पण बोटांतून थेंब गळू नये. भाकरीच्या पिठासारखं, असं पल्लवीने ठरवलं, आणि इराने ते वहीत तसंच लिहून घेतलं. दर आठ दिवसांनी सगळं उलथायचं.

काल पहिल्यांदा उलथताना ढिगात हात घातला. आत ऊब. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घालावा तशी. मला वाटलं होतं ही माती मेली.

तिवड्याभोवतीचं राखलंय. लाकूड कुजून गेलंय, बुडखा आहे. त्याच्याभोवती चार हात व्यासाचं गोल, तुझ्या कड्याएवढं, दगड लावून ठेवलं आहे. फकिराला सांगितलंय, तिथे कुदळ लागली तर तुझी धडगत नाही, सिन्नरहून वादळ येईल.

दादा


ता. १६ सप्टेंबर

नवसा,

हे पत्र मी एकदा लिहून फाडलं. आधी ते सांगतो.

त्यात लिहिलं होतं की पाणी आईच्या वेळेसारखं झालं, ये आणि पी. लिहिताना फार बरं वाटत होतं. पाकीट चिकटवायला घेतलं आणि हातातला तो तांब्या आठवला. पुन्हा जारचं पाणी विहिरीचं म्हणून पाजायला निघालो होतो की मी! म्हणून फाडलं. आता आहे तसं लिहितो.

मे महिन्यात विहीर तीनदा उपसली, ते काळं पाणी आणि गाळ टाक्यांत भरून इराने सांगितलं तिथे पाठवलं. खळ्याकडच्या अंगाची तेलकट माती निघेल तेवढी काढून ढिगात घेतली. पावसात ढिगावर गोठ्याचे जुने पत्रे टाकले, उलथणं चुकवलं नाही. मधे मला आठवडाभर ताप होता तेव्हा मनोजने उलथलं. नाकाला रुमाल बांधून, शिव्या घालत, पण उलथलं. परवा म्हणाला, "आबा, वास गेला की हो." रुमाल खिशात होता.

ढिगात गांडुळं आली आहेत. मी एक हातावर घेतलं, वळवळलं, आणि मी वेड्यासारखा त्याला "ये बाबा, ये" म्हणत होतो.

इराचा अहवाल आला. शंभर भाग तेलातलं सत्तरच्या वर गेलं. मी पेढे आणायला उठलो, तर तिने बसवलं. "आजोबा, पुढचं ऐका." जळक्या तेलात इंजिनाची झीज असते, शिसं, जस्त असलं काहीबाही. शेणातले जीव तेल खातात, धातू खाऊ शकत नाहीत. तो मातीतच राहतो. म्हणून त्या मातीत खायचं काही लावायचं नाही. झेंडू लावा, गवत लावा. पाण्यावरचा रंग गेलाय, वास गेलाय, धुण्याला चालेल. प्यायला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तपासू. तेव्हाही नाहीच म्हणाली तर नाही.

मी विचारलं, "म्हणजे आईचं पाणी मला परत करता येणार नाही?"

पोरीने अहवालाची घडी घातली. मग म्हणाली, "तुमच्या हयातीतलं मी सांगू शकत नाही, आजोबा. पण आता विहिरीत नवं तेल उतरत नाही, एवढं नक्की." खोटं बोलली नाही, म्हणून मी तिला दुप्पट पेढे दिले.

हे वाचून तू म्हणशील, मग कशाला एवढा खटाटोप. म्हण. तुझा हक्क आहे.

दादा


ता. १९ नोव्हेंबर

नवसा,

काल संध्याकाळी विहिरीत बेडूक ओरडला. एकच. पल्लवी दोरीवरचे कपडे काढत होती, ती थांबली. मनोजने गाडीचं इंजिन बंद केलं. आम्ही तिघं काठावर उभे, आणि तो पुन्हा ओरडेना. मग आम्ही वळलो तेव्हा ओरडला. तुझ्यासारखाच आहे, बघत असलं की बोलायचा नाही.

भात कापून झालाय. पेंढा रचलाय. खळ्याच्या जागी आता ढिगातून परत पसरलेली सैल माती आहे, उत्तरेची हरळी पार मधल्या दगडांपर्यंत आली आहे आणि कडेला झेंडू आहे. आईने पाहिलं असतं तर म्हणाली असती, खळ्याची परसबाग केलीस. मधे तेवढं तुझं गोल आहे, कडक, काळं, जसं होतं तसं. तिवड्याचा बुडखा आणि त्याभोवती तुझी जागा. पूर्वी सगळं सारवून झालं की शेवटचं कडं तुझं असायचं. आता सगळं खणून झालंय आणि शेवटचं कडं राहिलंय.

म्हणजे काम निघालं आहे. तू म्हणाली होतीस, सांगशील तवा. सांगतोय.

ढिगातली तीन पाट्या तयार माती मी बाजूला राखून ठेवली आहे, दही संपवताना वाटीभर विरजणाला ठेवतो तशी. ते जीव आता तेल खायला सरावलेत, इरा म्हणते तुझ्या तुकड्यात लवकर लागतील. कुदळीला नवा दांडा बसवला, तुझ्या उंचीचा. म्हणजे अकरा वर्षांपूर्वीच्या तुझ्या उंचीचा, माझ्यासारखी तूही आखडली असशील तर कापून देईन.

सकाळची सिन्नरची एसटी घोटीला दहाच्या सुमाराला लागते. मनोज गाडी घेऊन उभा राहील. किशोरला आण. सणाचं काही केलेलं नाही, साडी आणलेली नाही, ओवाळायचं ताट काढलेलं नाही. नाचणीची भाकरी आणि पिठलं, गड्यांना असतं तेच.

प्यायचं पाणी जारचं आहे. ते जारचं आहे असं सांगूनच मी तुला देईन.

पायावर घालायला मात्र विहिरीचं आहे. तेवढ्यापुरतं ते चालतं, मी दोनदा विचारून घेतलंय. रोज सकाळी एक बादली शेंदतो आणि उंबऱ्याशी ठेवतो. संध्याकाळी ती झेंडूला घालतो, आणि दुसऱ्या दिवशी नवी भरतो.

तुझा,
दादा